पलटणीतला सर्वांत लहान साहेब

बिदरकडे जाताना आकाशात हवाई दलाची शिकाऊ विमाने दिसली की आपल्या गाडीतली सगळी मुले खिडकीला चिकटतात. परवा अशाच एका प्रवासात सातवीतल्या एका मुलाने विचारले, "गुरुजी, ते विमान चालवणारा माणूस किती मोठा असेल हो?" मी म्हणालो, "बहुधा बावीस-तेवीस वर्षांचा." त्याचा विश्वास बसेना. "म्हणजे आमच्या दादाएवढाच?" असे म्हणून तो बराच वेळ गप्प बसला.

त्याचे गप्प बसणे मला आवडले. इतिहासाच्या पुस्तकात पहिल्या महायुद्धाची कारणे, तह आणि सनावळ्या असतात. पण तिथे लढणारे लोक किती वयाचे होते, हे सहसा लिहिलेले नसते. या लेखात आपण सैन्यातल्या सर्वांत लहान अधिकाऱ्याची, म्हणजे सेकंड लेफ्टनंटची माहिती घेऊ. तो खंदकात काय करत असे, तो इतक्या लवकर का मरत असे, आपल्या देशातल्या तरुणाला तो हुद्दा कितीतरी वर्षे का मिळत नव्हता, आणि मिळाल्यावर त्याने काय करून दाखवले, हे पाहू. यातला एक माणूस तर आपल्या कर्नाटकातलाच, कारवारकडचा आहे.

सेकंड लेफ्टनंट म्हणजे कोण?

सैन्यात हुद्द्यांची उतरंड असते. शिपायाच्या वर नाईक, त्याच्या वर हवालदार. इंग्रजांच्या काळी हवालदाराच्या वर जमादार आणि सुभेदार हे हिंदी हुद्देदार असत. त्यांच्याही वर 'साहेब' लोक, म्हणजे कमिशन मिळालेले अधिकारी. या अधिकाऱ्यांत सर्वांत खालची पायरी सेकंड लेफ्टनंटची. खांद्यावर एकच तारा. हाताखाली साधारण तीस-चाळीस जणांची तुकडी. आज आपल्या सैन्यात हा हुद्दा राहिलेला नाही. नवा अधिकारी थेट लेफ्टनंट होतो. पण विसाव्या शतकातल्या बहुतेक युद्धांत पुढच्या रांगेतला 'साहेब' म्हणजे हाच एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा असे.

खंदक कसा असे?

१९१४ साली युद्ध सुरू झाले तेव्हा सर्वांना वाटले होते, चार-सहा महिन्यांत निकाल लागेल. पण मशीनगन आणि लांब पल्ल्याच्या तोफा यांच्यापुढे उघड्या मैदानात उभे राहणे अशक्य झाले. दोन्ही बाजूंनी जमिनीत खंदक खणले. बघता बघता स्वित्झर्लंडच्या सरहद्दीपासून उत्तर समुद्रापर्यंत सुमारे ७०० किलोमीटरची खंदकांची ओळ तयार झाली. आपल्याकडून मुंबईला जाण्याएवढे अंतर झाले की हे!

खंदक म्हणजे सरळ चर नव्हे. तो नागमोडी खणत. सरळ असता तर एक तोफगोळा आत पडल्यावर त्याचे तुकडे दूरपर्यंतच्या सगळ्यांना लागले असते. वळणे असली की नुकसान एका वळणापुरते राही. समोर मातीने भरलेली पोती रचलेली, गोळी झाडायला उभे राहण्यासाठी एक पायरी, तळाशी चिखलावर टाकलेल्या लाकडी फळ्या. पुढच्या खंदकामागे मदतीचा दुसरा खंदक, त्याच्या मागे राखीव तिसरा. या तिन्हींना जोडणाऱ्या आडव्या वाटा. समोर काटेरी तारांचे जाळे, आणि त्यापलीकडे कोणाचीच नसलेली जमीन.

या काटेरी तारा उडवण्यासाठी वापरलेले एक साधन आपल्या राज्यात जन्मले, हे तुम्हांला ठाऊक आहे का? लांब नळीत स्फोटक भरून ती तारांखाली सरकवायची आणि पेटवायची. १९१२ साली बंगळूरमधल्या मद्रास सॅपर्सच्या एका अधिकाऱ्याने ही युक्ती काढली, म्हणून जगभरच्या सैन्यांत तिला 'बंगलोर टॉर्पेडो' म्हणतात.

लहान साहेबाचा दिवस

दिवस उजाडण्याआधी आणि मावळताना सर्वांनी बंदुका घेऊन पायरीवर उभे राहायचे, कारण हल्ले बहुधा याच वेळी होत. मग बंदुकांची तपासणी. त्यानंतरचे काम ऐकून तुम्हांला नवल वाटेल: तुकडीतल्या प्रत्येकाचे पाय तपासणे! दिवसेंदिवस थंड पाण्यात उभे राहून पाय सुजत, बधिर होत, शेवटी सडत. त्यासाठी शिपायांना बूट काढायला लावून पाय कोरडे करणे, तेल चोळणे, मोजे बदललेत का ते बघणे, ही अधिकाऱ्याची जबाबदारी होती. दिवसा झोप काढायची ती तुकड्यातुकड्यांनी. खरी कामे रात्रीची. तारा दुरुस्त करणे, ढासळलेला खंदक पुन्हा खणणे, शत्रूच्या जवळ सरपटत जाऊन कानोसा घेणे. या सगळ्यांत लहान साहेब पुढे असायचा.

हल्ल्याची वेळ आली की शिट्टी वाजवून खंदकाबाहेर पहिला पडायचाही तोच. त्याचा वेष शिपायांपेक्षा वेगळा. सुरुवातीच्या महिन्यांत तर काही अधिकारी तलवारसुद्धा बाळगत. पलीकडच्या नेमबाजाला एवढी खूण पुरे होई. ब्रिटिश सैन्याच्या हिशेबात त्या युद्धात सामान्य शिपायांपैकी शंभरात सुमारे १२ मेले, आणि अधिकाऱ्यांपैकी शंभरात सुमारे १७. त्या १७ मध्ये नुकतीच शाळा सोडलेली मुले फार होती.

सफरमैना पलटणीची सकाळ

सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस हिंदी सैन्य फ्रान्समधल्या मार्सेय बंदरात उतरले, आणि ऑक्टोबरमध्ये थेट खंदकांत गेले. त्यांत पुण्याजवळच्या खडकीची सॅपर्स अँड मायनर्स पलटणही होती. आपली जुनी माणसे तिला 'सफरमैना' म्हणत. पूल बांधणे, रस्ते करणे, खंदक खणणे, सुरुंग लावणे ही तिची कामे. तिच्यात मराठे होते, शीख होते, मुसलमान होते.

२८ ऑक्टोबर १९१४ रोजी नव शापेल नावाचे फ्रेंच खेडे जर्मनांकडून परत घ्यायचे ठरले. पायदळ कमी पडत होते. म्हणून ४७ व्या शीख पलटणीबरोबर खडकीच्या २० आणि २१ क्रमांकाच्या सफरमैना कंपन्यांना हल्ल्यात पाठवले. कारागीर माणसांना शिपाई म्हणून वापरण्याचा हा प्रकार. त्यांनी उघडी जमीन ओलांडली, गावात घुसून घराघरांतून लढत बाजारापर्यंत धडक मारली. पण मागून कुमक आली नाही, जर्मनांनी उलट हल्ला केला, आणि जिंकलेले गाव सोडावे लागले. त्या एका दिवसात या दोन कंपन्यांचे जवळजवळ सगळे ब्रिटिश अधिकारी मेले किंवा जखमी झाले. उरलेल्या माणसांना गोळा करून मागे आणण्याचे काम हिंदी हुद्देदारांवर पडले, आणि त्यांनी ते केले.

आज त्या खेड्याजवळ हिंदी सैनिकांचे स्मारक आहे. फ्रान्स-बेल्जियममध्ये पडलेल्या, पण ज्यांची कबर किंवा चितास्थान कुणालाच माहीत नाही, अशा साडेचार हजारांहून अधिक जणांची नावे तिथे कोरलेली आहेत. १९२७ मध्ये ते उभे राहिले. संपूर्ण युद्धात सुमारे १३ लाख हिंदी लोक परदेशांत गेले. त्यांतले सुमारे ७४ हजार परत आले नाहीत.

नव्या साहेबाला भाषा येत नव्हती

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. हिंदी पलटणीत सातशे-साडेसातशे शिपाई असत, पण ब्रिटिश अधिकारी जेमतेम डझनभर. युद्धाआधीचे अधिकारी वर्षानुवर्षे याच माणसांत राहिलेले. त्यांना शिपायांची भाषा, सण, गावे, घरची भांडणे सगळे माहीत. १९१४ च्या हिवाळ्यात हे अधिकारी भराभर गेले. त्यांच्या जागी जे नवे तरुण आले, त्यांतल्या अनेकांना माणसांची भाषाच येत नव्हती.

कल्पना करा. अंधार आहे, पाऊस आहे, तोफा चालू आहेत. बेळगाव-साताऱ्याकडचा शिपाई काही सांगतो आहे आणि साहेबाला ते कळत नाही. साहेब ओरडून हुकूम देतो आणि शिपायाला तो कळत नाही. शूरपणा दोघांकडेही आहे, पण मधला पूल तुटलेला. घरी मराठी, बाजारात कन्नड, शेजारी उर्दू आणि शाळेत इंग्रजी अशा चार भाषांत वावरणाऱ्या आपल्या गावच्या मुलांना याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. ज्या माणसांची जबाबदारी घ्यायची त्यांची भाषा येणे ही शोभेची गोष्ट नाही. प्रसंगी ती जिवाची गोष्ट असते.

कुतच्या खंदकांत मराठा पलटणी

मराठी माणसे तुर्कांविरुद्धच्या लढाईत, आजच्या इराकमध्येही गेली. तिथे गेलेल्या फौजेचे नावच 'सहावी पुणे डिव्हिजन' होते. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. बगदादच्या दिशेने पुढे गेलेली ही फौज मागे हटून टायग्रिस नदीच्या वळणावरच्या कुत-अल-अमारा या गावात आली, आणि ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्कांच्या वेढ्यात सापडली.

तीन बाजूंनी नदी आणि चौथ्या बाजूला आपले खंदक, असे ते ठाणे होते. जानेवारीत पुराचे पाणी खंदकांत शिरले आणि पुढच्या रांगा सोडून मागे नवे खंदक खणावे लागले. मग धान्य संपत आले. शिधा कमी कमी होत गेला. घोडे आणि खेचरे मारून खाण्याची वेळ आली. अनेक हिंदी शिपायांनी ते मांस धर्मामुळे बरेच दिवस नाकारले, आणि भाजी नसल्याने रोग पसरले. शेवटी विमानांतून धान्याची पोती टाकून पाहिली. जगातले असे पहिल्या काहींपैकीच प्रयत्न ते, पण एवढ्या माणसांना ते पुरणार कसे? वेढा सोडवायला आलेल्या फौजांचे हल्ले फसले. अखेर २९ एप्रिल १९१६ रोजी कुत शरण गेले. शिपाई आणि बाजारबुणगे मिळून सुमारे १३ हजार माणसे कैदेत गेली. वाळवंटातल्या त्या चालीत आणि नंतरच्या कैदेत हजारोंचा अंत झाला.

कैद होताना अधिकारी आणि शिपाई यांना वेगळे केले गेले. म्हणजे खंदकात ज्यांची जबाबदारी साहेबावर होती, ती माणसे आता साहेबाशिवाय राहिली. तिथेही हवालदार आणि सुभेदारांनाच आपल्या माणसांचे पाहावे लागले.

हिंदी तरुण 'साहेब' का होऊ शकत नव्हता?

आता तुमच्या मनात प्रश्न आला असेल. जर सुभेदार एवढे सांभाळू शकत होते, तर तेच अधिकारी का नव्हते? याचे उत्तर साधे आणि कडू आहे. ते हिंदी होते म्हणून. तीस वर्षे नोकरी झालेल्या, छातीवर पदके मिरवणाऱ्या सुभेदाराने विलायतेहून कालच आलेल्या एकोणीस वर्षांच्या सेकंड लेफ्टनंटला सलाम करायचा, असा नियमच होता. सुभेदाराचा हुकूम कोणत्याही गोऱ्या शिपायावर चालत नसे.

एखादा अपवाद सापडतो. कलकत्त्याचा इंद्रलाल रॉय विलायतेत शिकत होता. तो १९१७ मध्ये तिथल्या हवाई दलात सेकंड लेफ्टनंट झाला आणि जुलै १९१८ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, हवाई लढाईत पडला. पण हिंदी सैन्याची दारे बंदच होती. ऑगस्ट १९१७ मध्ये सरकारने ही बंदी उठवल्याचे जाहीर केले. विलायतेतल्या सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयात हिंदी मुलांना वर्षाला दहा जागा मिळाल्या. एवढ्या मोठ्या देशाला दहा! त्याच सुमारास इंदूरला निघालेल्या वर्गातून कोडगूचे करिअप्पा अधिकारी झाले. सँडहर्स्टहून १९२६ मध्ये कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात बाहेर पडले. पुढे १९४५ मध्ये ब्रह्मदेशातल्या कांगॉच्या लढाईत त्यांनी पलटणीचे नेतृत्व केले. १९३२ मध्ये डेहराडूनला आपली लष्करी अकादमी सुरू झाली तेव्हा कुठे वाट रुंद झाली.

दोन बावीस वर्षांचे

दुसऱ्या महायुद्धात या बदलाचे फळ दिसले. खडकीच्या त्याच सफरमैना पलटणीत प्रेमिंद्रसिंग भगत नावाचा बावीस वर्षांचा सेकंड लेफ्टनंट होता. १९४१ च्या फेब्रुवारीच्या आरंभी आफ्रिकेत इटालियन फौज माघार घेत होती आणि मागे रस्त्यात भूसुरुंग पेरत होती. भगत पुढच्या गाडीत बसून चार दिवस, पहाटेपासून अंधार पडेपर्यंत, सुरुंग शोधत गेला. ५५ मैलांत त्याने १५ ठिकाणचे सुरुंग काढून घेतले. दोनदा त्याची गाडी उडाली, बरोबरची माणसे पडली, एका कानाचा पडदा फाटला. बदली माणूस देतो म्हटले तरी तो मागे गेला नाही. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेला तो पहिला हिंदी अधिकारी.

दुसरा बावीस वर्षांचा तरुण अधिकारी नव्हता, नाईक होता. यशवंत घाडगे हे रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातले, पळसगावचे. पाचव्या मराठा रेजिमेंटच्या तिसऱ्या पलटणीत ते आठ-दहा जणांच्या सेक्शनचे प्रमुख होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात त्यांची सेक्शन अगदी जवळून मशीनगनच्या माऱ्यात सापडली. एक घाडगे सोडले तर सगळे मेले किंवा जखमी झाले. ते एकटे त्या मोर्चावर धावून गेले. हातगोळा टाकून मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली, आणि बंदुकीतल्या गोळ्या संपल्यावर ती उलटी धरून उरलेल्या दोघांशी झुंजले. मोर्चा हाती आला; पण त्याच जागी शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या लागून ते पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २०२३ मध्ये इटलीतल्या माँतोने गावाने त्यांच्या आठवणीसाठी एक छायाघड्याळ उभारले आहे. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, असा त्यावरच्या वचनाचा अर्थ आहे.

ज्यांच्या देशात ते लढले, त्यांच्याच गावाने हे केले, याचा विचार मोठ्या वर्गांतल्या मुलांनी जरूर करावा.

कारवारचा राम

आता शेवटचा आणि आपल्या सर्वांत जवळचा माणूस. राम राघोबा राणे यांचा जन्म २६ जून १९१८ चा. कारवारजवळचे चेंडिया हे त्यांचे गाव. वडील पोलीस शिपाई, त्यामुळे बदल्या आणि शाळाही सारख्या बदलत गेलेल्या. १९४० मध्ये ते खडकीच्या सफरमैनेत साधे जवान म्हणून भरती झाले. ब्रह्मदेशात, अराकानच्या आघाडीवर, मागे ठेवलेला दारूगोळा उडवून देण्यासाठी त्यांना थोड्या माणसांसह शत्रूच्या प्रदेशात ठेवले होते. ठरलेली नौदलाची मदत पोचली नाही, तेव्हा जपानी पहारे चुकवत ते स्वतःच नदी ओलांडून परत आले. जवानाचे नाईक, नाईकाचे हवालदार झाले.

देश स्वतंत्र झाला आणि १५ डिसेंबर १९४७ रोजी त्यांना कमिशन मिळाले. सेकंड लेफ्टनंट! वय एकोणतीस, म्हणजे या हुद्द्याला थोडे मोठेच. पण अधिकारी म्हणून ते अगदी नवे होते. चार महिनेही झाले नव्हते, तोच काश्मीरच्या लढाईत नौशेराहून राजौरीकडे रस्ता उघडण्याचे काम त्यांच्यावर आले.

८ एप्रिल १९४८ च्या सकाळी अकराच्या सुमारास त्यांची तुकडी रणगाड्यांजवळ तयारीत असताना शत्रूच्या उखळी तोफांचे गोळे पडले. दोन जवान जागीच मेले, पाच जखमी झाले. त्या पाचांत राणे होते. त्यांनी उरलेल्यांना पुन्हा लावून कामाला सुरुवात केली. संध्याकाळी बरवालीची धार हाती आल्यावर रात्री दहापर्यंत रणगाड्यांसाठी वळणरस्ता खणला. दुसऱ्या दिवशी सकाळी सहापासून पुन्हा तेच. मग पुढच्या गाडीत बसून निघाले, तर वाटेत देवदारासारखे मोठे वृक्ष तोडून आडवे टाकलेले. सुरुंग लावून ते उडवले. तीनशे यार्डांवर पुन्हा अडथळा. पुढे फोडलेली मोरी. त्यापुढे पाच मोठी झाडे, भोवती पेरलेले सुरुंग, आणि वरून मशीनगनचा मारा. अंधार पडला म्हणून तिथे थांबले. १० तारखेला पहाटे पावणेपाचला ते पुन्हा त्याच झाडांशी होते. साडेसहाला अडथळा दूर. दुपारी दोनला रणगाडे चिंगसला पोचले. राणे मात्र मागून येणाऱ्या रसदेच्या गाड्यांसाठी रात्री नऊपर्यंत रस्ता करत राहिले. ११ तारखेलाही तेच. १२ एप्रिलला फौज राजौरीत पोचली.

यासाठी त्यांना परमवीर चक्र मिळाले. हयातीत हा सन्मान मिळालेले ते पहिले. १९६८ मध्ये ते मेजर म्हणून निवृत्त झाले आणि १९९४ मध्ये वारले. कारवारला त्यांचा पुतळा आहे. २०२३ मध्ये अंदमानातल्या एका बेटाला त्यांचे नाव दिले गेले.

नीट पाहिले तर या सगळ्या कामात बंदूक फारशी कुठे दिसत नाही. कुदळ, फावडे, सुरुंग आणि घड्याळ दिसते. जवान म्हणून ज्याने स्वतः सात-आठ वर्षे हे काम केले, त्यालाच आपल्या माणसांकडून ते कसे आणि किती करून घ्यायचे हे कळत होते. १९१४ च्या नव शापेलमध्ये ज्या हिंदी माणसाला सलामच करायचा होता, तोच ३३ वर्षांनी त्याच पलटणीतून वर येऊन अधिकारी झाला.

त्याच एप्रिल महिन्यात आपले चिटगुप्पा मात्र अजून निजामाच्या राज्यात होते. रझाकारांच्या दहशतीचे ते दिवस. १७ सप्टेंबरला अजून पाच महिने होते. त्यामुळे राणे यांची बातमी तेव्हा इथल्या किती घरांत पोचली असेल कोण जाणे. म्हणून ती आता सांगितली.

मुलांसाठी आणि पालकांसाठी

हा लेख वाचून प्रत्येकाने सैन्यातच जावे, असा आग्रह नाही. युद्ध ही चांगली गोष्ट नव्हे. कुतच्या खंदकात उपाशी राहिलेल्यांना विचारले असते तर त्यांनी हेच सांगितले असते. पण ज्यांना जावेसे वाटते त्यांनी माहिती ठेवावी. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि बारावीला असतानाच देता येते. मुलींसाठीही तिची दारे उघडली आहेत. १७ मुलींची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये खडकवासल्याहून बाहेर पडली. लहान मुलांसाठी आपल्या राज्यात विजापूर आणि कोडगू इथे सैनिक शाळा आहेत. गणित आणि इंग्रजीची तयारी आठवी-नववीपासूनच करावी लागते, हे पालकांनी लक्षात घ्यावे.

बाकीच्यांनी एवढेच ध्यानात ठेवावे, की खंदकातल्या त्या लहान साहेबाचे रोजचे पहिले काम दुसऱ्यांचे पाय कोरडे आहेत की नाहीत हे बघण्याचे होते. वर्गाचा मॉनिटर असो, सहलीचा गटप्रमुख असो की संस्थेचा विश्वस्त असो, जबाबदारी घेणाऱ्याचे काम तिथूनच सुरू होते.

शेवटी एक विनंती. आपल्या भागातल्या कोणाच्या घरी फौजेत गेलेल्या आजोबा-पणजोबांची पत्रे, पदके, पेन्शनची पुस्तके किंवा फोटो असतील, तर ते जपून ठेवावेत आणि शक्य झाल्यास एक दिवस मुलांना दाखवण्यासाठी शाळेत आणावेत. वस्तू त्याच दिवशी परत केल्या जातील. नाव, गाव, पलटण आणि साल एवढे जरी मुलांनी वहीत लिहून घेतले, तरी इतिहासाचा एक धडा आपल्या घरातूनच तयार होईल.